गोडबोले, रोहिणी

रोहिणी गोडबोले (१२ नोव्हेंबर १९५२ – २५ ऑक्टोबर २०२४) या भारतातील अग्रगण्य सैद्धांतिक कणभौतिकीविज्ञ होत्या. एखादा सिद्धांत खरा असेल तर त्वरकातील (कणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रातील) टकरींत त्याच्या कोणत्या खुणा दिसतील, हे गणिताने काढणे हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता, त्यामुळे सिद्धांतकार असूनही त्यांचा संबंध कायम यंत्रांशी राहिला.

त्यांचा जन्म पुण्याचा. हुजूरपागा शाळा व स. प. महाविद्यालयात शिकल्यावर त्यांनी मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्‌सी. (१९७४) आणि अमेरिकेतील स्टोनी ब्रूक येथून पीएच.डी. (१९७९) मिळवली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम करून त्यांनी १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात अध्यापन केले आणि त्यानंतर त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या.

त्यांचे सर्वांत ठळक काम भौतिकीविज्ञ मानुएल ड्रेस यांच्यासोबतचे आहे. प्रोटॉन हा क्वार्क व त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन या मूलकणांचा बनलेला असल्याने त्याच्या टकरींतून बराच कचरा निघतो. त्या मानाने इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) यांच्या टकरी स्वच्छ, असा समज होता. परंतु सरळ रेषेतील त्वरकात कणांचे झोत एकदाच समोरासमोर येतात, म्हणून टकरींची संख्या वाढवण्यासाठी ते अतिशय दाट करावे लागतात. अशा दाट झोताच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे समोरच्या झोतातील कण वळतात आणि फोटॉन (प्रकाशकण) उत्सर्जित करतात. उच्च ऊर्जेचा फोटॉन क्षणभर क्वार्क-प्रतिक्वार्कांत विभागू शकत असल्याने दोन फोटॉनांच्या टकरीतूनही हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले कण) निर्माण होतात. हव्या त्या खुणा झाकणारी ही नको असलेल्या कणांची पार्श्वभूमी किती मोठी होऊ शकेल, याचे गणित ड्रेस आणि गोडबोले यांनी १९९१ मध्ये मांडले. यंत्र कागदावर असतानाच त्यातील अडचण दाखवणारे हे काम असल्यामुळे पुढील आराखड्यांना त्याची दखल घ्यावी लागली.

पुढे टॉप क्वार्कचे (सर्वांत जड क्वार्कचे) ध्रुवण म्हणजे त्याच्या फिरकीची दिशा, मूलकणांच्या वस्तुमानाशी निगडित हिग्ज कणाचे गुणधर्म आणि सुपरसिमेट्री (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा, असे मांडणारा सिद्धांत) या विषयांवर त्यांनी विपुल लेखन केले. ड्रेस व प्रबीर रॉय यांच्यासह त्यांनी सुपरसिमेट्रीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची आत्मकथने व चरित्रे एकत्र आणणाऱ्या ‘लीलावतीज डॉटर्स’ (२००८) या ग्रंथाच्या त्या सहसंपादक होत्या. भौतिकीबाहेरच्या वाचकांना त्यांची ओळख बहुधा या ग्रंथानेच झाली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री आणि २०२१ मध्ये फ्रान्सचा ‘ऑर्द्र नास्योनाल द्यु मेरित’ हा सन्मान मिळाला. पुण्यात त्यांचे निधन झाले.