काउंटी जेल (अमेरिका)

अमेरिकेत काउंटी या स्थानिक प्रशासकीय घटकाच्या ताब्यात असलेला तुरुंग. अटक झालेल्या माणसाला खटल्याचा निकाल लागेपर्यंत किंवा जामीन होईपर्यंत ठेवणे आणि साधारणपणे एक वर्षापर्यंतच्या शिक्षा भोगवून घेणे, ही त्याची दोन मुख्य कामे. त्याहून मोठी शिक्षा झालेल्यांची रवानगी राज्याच्या किंवा संघराज्याच्या तुरुंगात, म्हणजे प्रिझनमध्ये होते. नातेवाइकांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. प्रिझनमध्ये गेलेला माणूस किती वर्षांसाठी गेला हे घरच्यांना ठाऊक असते; काउंटी जेलमधला उद्या सुटेल की आठ महिन्यांनी, हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही.

संघीय न्याय खात्याच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या मध्यावर देशभरातील स्थानिक जेलांत सुमारे ६ लाख ६३ हजार माणसे होती. त्यांपैकी जवळपास ७० टक्क्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. वर्षभरात जेलांत दाखल होण्याचे प्रसंग ७० लाखांहून अधिक. सरासरी मुक्काम महिनाभराचा असला, तरी या सरासरीवर विसंबू नये. बरेच जण एकदोन दिवसांत बाहेर पडतात, तर खून किंवा दरोड्याचा आरोप असलेले काही जण निकालाची वाट पाहत वर्षानुवर्षे आत असतात. भारतातही एकूण बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी आहेत. त्यामुळे हे चित्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. मात्र महाराष्ट्रातील कारागृहे राज्याच्या गृह खात्याखाली एकाच नियमावलीने चालतात. अमेरिकेत तीन हजारांवर काउंट्या आहेत आणि मुलाखतीचा वार, फोनचा दर, पुस्तकाचा नियम, सगळे काउंटीगणिक बदलते. एका जेलचा अनुभव दुसऱ्या जेलसाठी गृहीत धरणे ही नातेवाइकांची सर्वांत नेहमीची फसगत असते.

कारभार

बहुतेक काउंट्यांत जेलचा प्रमुख हा लोकांनी निवडून दिलेला शेरीफ असतो. गस्त, वॉरंट बजावणे, न्यायालयाचा बंदोबस्त आणि जेल ही सगळी कामे त्याच्या खात्याची. केंटकीत तर जेलर हे पदच निवडणुकीने भरले जाते. अलास्का, कनेटिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या सहा राज्यांत जेल आणि प्रिझन यांची एकच राज्यस्तरीय यंत्रणा आहे. जेलांचा आकारही असाच ठिकठिकाणी वेगळा असतो. लॉस एंजेलिस काउंटीच्या जेलांत दहा हजारांहून अधिक माणसे असतात, तर ग्रामीण काउंटीत न्यायालयाच्या मागे काही डझन खाटांची इमारत पुरते. न्यूयॉर्कचे रायकर्स आयलंड काउंटीचे नसून शहराचे आहे, पण काम तेच. १९३२ पासून चालू असलेले हे जेल बंद करण्याचा निर्णय शहराने २०१९ मध्ये घेतला. कॅलिफोर्नियात २०११ च्या फेरबदलानंतर कमी गंभीर गुन्ह्यांच्या अनेक वर्षांच्या शिक्षाही काउंटी जेलमध्येच भोगाव्या लागतात. मुळात थोड्या दिवसांसाठी बांधलेल्या या इमारतींत मैदान, ग्रंथालय, कामधंदा अशा सोयी कमीच असतात; त्यामुळे लांबची शिक्षा तिथे अधिक जड जाते.

दाखल होण्याच्या प्रक्रियेला बुकिंग म्हणतात. नाव व आरोपांची नोंद, बोटांचे ठसे, छायाचित्र, अंगझडती, जवळच्या वस्तूंची यादी करून त्या जमा करणे, आजार व औषधांची चौकशी आणि मग वर्गीकरण, म्हणजे कोणाला कोणत्या विभागात ठेवायचे हे ठरवणे, असा क्रम असतो. गर्दीच्या जेलमध्ये याला पुष्कळ तास लागतात. तोवर माणसाचे नाव संकेतस्थळावरील यादीत येत नाही आणि घरचे सैरभैर होतात. नाव दिसत नाही याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की नोंद पुरी झालेली नाही. एकदा नाव आले, की त्यासोबतचा बुकिंग क्रमांक लिहून ठेवावा. पुढे पैसे भरणे, पत्र पाठवणे, मुलाखत ठरवणे या प्रत्येक कामाला तो लागतो.

पहिले दोन दिवस आणि जामीन

वॉरंटशिवाय अटक झाली असेल तर अटकेला पुरेसा आधार आहे का, हे साधारणपणे ४८ तासांच्या आत न्यायाधीशाने तपासले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या खटल्यात ठरवून दिले. ऐपत नसलेल्या आरोपीला गंभीर गुन्ह्यात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९६३ च्या गिडियन निकालाने दिला. अशा वकिलाला पब्लिक डिफेन्डर म्हणतात. त्याच्यावर कामाचा भार मोठा असतो, पण तो कमी दर्जाचा असतो हा समज बरोबर नाही. स्थानिक न्यायाधीश आणि सरकारी वकील यांची त्याला असलेली माहिती बाहेरून आणलेल्या महागड्या वकिलाकडे अनेकदा नसते.

जामिनाची पद्धत मात्र भारतीय वाचकाला चमत्कारिक वाटेल. न्यायालयाने ठरवलेली पूर्ण रक्कम रोख भरली, तर आरोपी सगळ्या तारखांना हजर राहिल्यावर ती परत मिळते, क्वचित काही शुल्क वजा होऊन. एवढी रक्कम नसेल, तर बेल बाँड देणाऱ्या खासगी व्यावसायिकाकडे जावे लागते. तो साधारण दहा टक्के घेतो आणि ते पैसे कधीच परत येत नाहीत, आरोप मागे घेतले गेले तरीही. शिवाय करारावर सही करणारा नातेवाईक, बहुतेक वेळा आई किंवा पत्नी, आरोपी फरार झाल्यास जामिनाच्या पूर्ण रकमेला बांधील राहतो. असा धंदा जगात अमेरिका आणि फिलिपिन्स सोडल्यास जवळजवळ कुठेच चालत नाही. केंटकीने १९७६ मध्ये त्यावर बंदी घातली. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ मध्ये पैशांवर आधारलेला जामीनच पूर्णपणे रद्द केला; असे करणारे ते पहिले राज्य.

पैशांअभावी आत राहण्याची किंमत किती असू शकते, हे सँड्रा ब्लँड यांच्या प्रकरणात देशाने पाहिले. १० जुलै २०१५ रोजी टेक्सासमध्ये, मार्गिका बदलताना इशारा न दिल्याच्या कारणावरून त्यांची गाडी अडवली गेली, वादावादी झाली आणि त्यांना वॉलर काउंटीच्या जेलमध्ये नेले. जामीन ५,००० डॉलर, म्हणजे सुटकेसाठी लगेच हवे होते ५०० डॉलर. कुटुंब दुसऱ्या राज्यात होते. १३ जुलैला २८ वर्षांच्या सँड्रा कोठडीत मृतावस्थेत आढळल्या. शवविच्छेदनात आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद दाखल होतानाच्या कागदांत होती, तरी त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवले गेले नव्हते. २०१७ मध्ये टेक्सासने त्यांच्या नावाने कायदा करून मानसिक आजाराची तपासणी आणि जेलमधील मृत्यूंची स्वतंत्र चौकशी सक्तीची केली.

जामिनाच्या घाईचा फायदा उठवणारे भामटेही आहेत. शेरीफच्या कार्यालयातून बोलतो असे सांगून ते गिफ्ट कार्डने किंवा ॲपवरून पैसे मागतात. कोणतेही खरे जेल अशा रीतीने जामीन घेत नाही. फोन ठेवावा आणि जेलच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः चौकशी करावी.

औषधपाणी

कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे हे घटनेचे उल्लंघन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एस्टेल खटल्यात म्हटले. प्रत्यक्षात औषध सुरू व्हायला वेळ लागतो, कारण घरची औषधे सहसा आत घेतली जात नाहीत आणि जेलच्या डॉक्टरने ती पुन्हा लिहून द्यावी लागतात. इथे कुटुंब खरेच काही करू शकते. गोपनीयतेच्या नियमांमुळे जेलचा दवाखाना माहिती देत नसला, तरी दिलेली माहिती घेऊ शकतो. मधुमेह, फिट्स, रक्तदाब, दारू किंवा अफूजन्य औषधांची सवय, आत्महत्येचे विचार, यांपैकी काहीही असेल तर पहिल्याच दिवशी दवाखान्याला फोन करून औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरचे नाव कळवावे, तेच लेखी पाठवावे आणि कोणाशी बोललो याची नोंद ठेवावी. स्थानिक जेलांतील मृत्यूंत आत्महत्या हे सर्वांत मोठे एकेरी कारण आहे (२०१९ मध्ये सुमारे ३० टक्के) आणि सुरुवातीचे दिवस अधिक धोक्याचे असतात. म्हणून हा फोन संकोचाने टाळू नये.

फोन, पत्र, मुलाखत

जेलमध्ये बाहेरून फोन लावता येत नाही. आतला माणूसच लावतो, आणि बिल बहुधा घरचे भरतात. सिक्युरस आणि व्हायापाथ या दोन कंपन्यांचा या बाजारावर मोठा ताबा आहे. बऱ्याच काउंट्या कंपनीच्या उत्पन्नात वाटा घेत आल्या, त्यामुळे दर कमी करण्यात त्यांना रस नव्हता. याविरुद्धचा लढा वॉशिंग्टनमधील मार्था राइट या अंध आजींनी उभा केला. तुरुंगातील नातवाशी बोलणे परवडेना, म्हणून त्या २००० मध्ये इतर कुटुंबांसह न्यायालयात गेल्या. त्यांच्या हयातीत हा प्रश्न पुरता सुटला नाही. त्यांचे नाव असलेला कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला आणि दूरसंचार आयोगाला राज्यांतर्गत कॉलचेही दर बांधून देण्याचा अधिकार मिळाला. आयोगाने २०२४ मध्ये मोठ्या जेलांसाठी मिनिटाला सहा सेंट इतकी खाली आणलेली मर्यादा जाहीर केली. २०२५ मध्ये तिची अंमलबजावणी पुढे ढकलली. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये जेलमधील फोन फुकट केले. आईशी बोलण्यावर नफा कमावणे कोणत्याही सरकारला शोभत नाही, आणि या दोन शहरांनी ते टाळता येते हे दाखवून दिले.

वकिलाशी होणारे बोलणे वगळता सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात आणि सरकारी वकील ते न्यायालयात वापरतात. त्यामुळे घटनेबद्दल, साक्षीदारांबद्दल, ‘तू खरेच केलेस का’ याबद्दल एक शब्दही बोलू नये. मराठीत बोलले तर कोणाला कळणार नाही, हाही भ्रम आहे. ध्वनिमुद्रण राहते आणि भाषांतर करणारा मिळतो. घरची खुशाली, मुलांची शाळा, वकिलाने दिलेली पुढची तारीख, एवढेच विषय पुरेसे आहेत.

प्रत्यक्ष स्पर्शाची भेट हा खटल्यापूर्वीच्या बंद्याचा घटनात्मक हक्क नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या जेलबाबत दिला. त्यामुळे भेट बहुधा काचेआडून किंवा पडद्यावर होते. टेक्सासमधील ट्रॅव्हिस काउंटीने २०१३ मध्ये समोरासमोरच्या भेटी बंद करून फक्त व्हिडिओ ठेवला. लोकांनी विरोध केला आणि २०१५ मध्ये भेटी परत सुरू झाल्या. त्याच वर्षी राज्याने, काही अपवाद ठेवून, समोरासमोरच्या भेटी बंधनकारक केल्या. भेटीला जाताना आधी वेळ ठरवणे, सरकारी छायाचित्र-ओळखपत्र आणि पोशाखाचा नियम पाहणे आवश्यक असते. लहान मूल नेता येईल का, हेही आधीच विचारावे.

पत्रांवरील बंधने वाढत गेली आहेत. काही जेल फक्त पोस्टकार्ड स्वीकारतात, काही ठिकाणी मूळ पत्र स्कॅन करून टॅब्लेटवर दाखवतात. पुस्तके सहसा प्रकाशक किंवा दुकानाकडून थेट यावी लागतात. घरातले जुने पुस्तक परत येते. मराठी पुस्तकाबाबत आधी विचारणा करणे बरे. तरीही पत्र लिहावे. फोनची वीस मिनिटे संपतात, पत्र पुन्हा वाचता येते.

कैद्याच्या खात्यात पैसे भरले, की त्याला कमिसरीतून, म्हणजे जेलच्या कॅन्टीनमधून, साबण, टपालाची पाकिटे, झटपट नूडल्स घेता येतात. भरण्यावर शुल्क लागते. प्रतीक्षालयातील यंत्र, संकेतस्थळ आणि मनीऑर्डर यांचे शुल्क वेगळे असते. शाकाहारी किंवा गोमांस नसलेला आहार धार्मिक कारणासाठी हवा असेल तर बंद्याने स्वतः लेखी अर्ज करावा लागतो. २००० च्या संघीय कायद्याचा त्याला आधार आहे.

परदेशी नागरिक असल्यास

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी माणसांच्या घरी हा प्रसंग आला, तर फौजदारी खटल्याइतकीच व्हिसाची बाजू महत्त्वाची ठरते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमानुसार अटकेतील परदेशी नागरिकाला, त्याने मागणी केल्यास, आपल्या अटकेची माहिती आपल्या देशाच्या दूतावासाला कळवली जाण्याचा हक्क आहे. भारतीय दूतावास वकिलाचे काम करत नाही. पण अधिकारी भेटू शकतात, स्थानिक वकिलांची नावे देऊ शकतात आणि भारतातील कुटुंबाशी दुवा ठेवू शकतात. गुन्हा कबूल करण्याआधी त्यातून देशाबाहेर काढले जाण्याचा धोका आहे का, हे वकिलाने सांगितलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला खटल्यात ठरवले. ‘कबूल कर, उद्या घरी जाशील’ हा सल्ला नागरिकाला परवडतो. व्हिसावर असलेल्याने इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय तो मानू नये. इमिग्रेशन खाते जेलला डिटेनर, म्हणजे सुटकेच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत धरून ठेवण्याची विनंती, पाठवू शकते. ती आली आहे का, हे जामिनाचे पैसे भरण्याआधी वकिलामार्फत पाहावे. नाहीतर पैसे जातात आणि माणूस इमिग्रेशनच्या कोठडीत पोहोचतो.

सुटका

जामीन भरल्यावरही कागदपत्रांना तास लागतात आणि सुटका मध्यरात्री किंवा पहाटेही होते. आणायला जाणाऱ्याने फोनचा चार्जर, उबदार कपडे आणि थोडी रोकड न्यावी, कारण जमा रक्कम पुष्कळदा शुल्क कापणाऱ्या डेबिट कार्डवर मिळते. औषधांचा साठा दिला नसेल तर चिठ्ठी मागून घ्यावी. सुटकेच्या कागदावर न्यायालयाची पुढची तारीख आणि अटी असतात, जसे की अमुक व्यक्तीशी संपर्क नको, राज्य सोडायचे नाही. तारीख चुकली तर नवे वॉरंट निघते आणि जामिनाची रक्कम जप्त होऊ शकते.