पिक्सेल असताना एम, रेम, व्हीडब्ल्यू कशाला? सीएसएसमधल्या सापेक्ष एककांची पार्श्वभूमी

सीएसएस, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा, शिकायला घेतलं की पिक्सेल लगेच पटतो. अक्षर १६ पिक्सेल लिहिलं की १६ पिक्सेलचं दिसतं. मग एम, रेम, टक्के, व्हीडब्ल्यू, व्हीएच ही सगळी फौज कशासाठी, हा प्रश्न पडतोच. ही एककं कुणी एका बैठकीत ठरवलेली नाहीत. जवळजवळ तीस वर्षांत एकेका अडचणीवर तोड म्हणून ती आली, आणि बऱ्याच अडचणींच्या मुळाशी एकच वाद होता: अक्षराचा आकार पान बनवणाऱ्याने ठरवायचा की वाचणाऱ्याने?

हा वाद सीएसएसच्या जन्मापासूनचा आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्न या संशोधन संस्थेत काम करत असताना, हॉकून विउम ली यांनी सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. त्यात आकारापुढे टक्केवारी लिहायची सोय होती. मोठ्या मथळ्याला ‘२४ पॉइंट (छपाईतलं अक्षराचं माप), १०० टक्के’, त्याखालच्या मथळ्याला ‘२० पॉइंट, ४० टक्के’. ४० टक्के म्हणजे ‘माझा आग्रह एवढाच, बाकी वाचकाच्या पसंतीवर’. ही टक्केवारी पुढे गळाली. वाचकाच्याही पसंतीला जागा ठेवायची हा विचार मात्र टिकला, आणि मला तो सीएसएसमधला सगळ्यात मोलाचा विचार वाटतो.

१७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली, तेव्हा एम त्यात होताच. तो आला छापखान्यातून. छपाईच्या शिशाच्या खिळ्याच्या, म्हणजे अक्षराच्या ठशाच्या, अंगाची उंची म्हणजे एक एम. त्यामुळे १२ पॉइंटच्या खिळ्यांत एम १२ पॉइंटचा आणि २४ पॉइंटच्या खिळ्यांत २४ पॉइंटचा. सीएसएसने हाच हिशोब घेतला: एक एम म्हणजे त्या घटकाच्या (मथळा, परिच्छेद अशा पानाच्या भागाच्या) फॉन्टचा आकार. अक्षराचा आकारच एममध्ये लिहिला, तर मोजमाप पालक घटकाच्या, म्हणजे तो ज्याच्या आत आहे त्या घटकाच्या, फॉन्टवरून होतं. सोबत आलेला एक्स (ex) हा एकक रोमन लिपीतल्या लहान एक्सच्या उंचीवर बेतलेला होता, म्हणून देवनागरी मजकुराला त्याचा फारसा उपयोग नाही.

नवख्यांना हे ऐकून नवल वाटेल, पण त्या पहिल्या आवृत्तीत पिक्सेलही सापेक्ष, म्हणजे दुसऱ्या कशावरून तरी माप ठरणाऱ्या, एककांच्याच यादीत होता. पडद्यावरचा ठिपका यंत्रागणिक लहानमोठा असतो, म्हणून हातभर अंतरावरून तो डोळ्याला केवढा दिसावा यावरून एक संदर्भ पिक्सेल सुचवला होता. २०११ मध्ये अधिकृत झालेल्या २.१ आवृत्तीत पिक्सेल इंचाच्या ९६व्या भागाशी बांधला गेला आणि निरपेक्ष, म्हणजे ठरीव मापाच्या, एककांत गेला. हा इंचही पट्टीने मोजायचा नव्हे. दाट ठिपक्यांच्या पडद्यावर सीएसएसचा एक पिक्सेल दोन किंवा तीन खऱ्या ठिपक्यांच्या रुंदीचा असतो.

पिक्सेलची खरी पंचाईत इंटरनेट एक्सप्लोररने केली. त्याच्या विंडोजवरच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत पिक्सेलमध्ये लिहिलेला मजकूर ब्राउझरच्या मेनूतून मोठा करताच येत नसे. दृष्टी अधू असलेल्या माणसाला ते पान बंदच. त्यामुळे जाणकार एमकडे वळले. पण ब्राउझरचा मूळ आकार सहसा १६ पिक्सेल, आणि त्यावरून प्रत्येक आकाराचा भागाकार करत बसायचं म्हणजे वैताग. २००४ मध्ये रिचर्ड रटर यांनी एक युक्ती मांडली: बॉडीचा (पानाचा सगळा मजकूर ज्यात असतो त्या घटकाचा) आकार ६२.५ टक्के ठेवा, म्हणजे एक एम १० पिक्सेलचा होतो आणि गणित तोंडी जमतं.

तरी एमचा एक स्वभाव छळतच राहिला. यादीला ०.८ एम दिलं, तिच्यात दुसरी यादी आली, तिच्यात तिसरी. १६ चे १२.८ होतात, मग १०.२४, मग ८.१९. तिसऱ्या यादीपाशी अक्षर निम्म्यावर येतं, कारण प्रत्येक पायरीवर पालकाच्या आकाराला पुन्हा गुणलं जातं. यावरचा उतारा म्हणजे रेम. तो पालकाकडे बघत नाही, थेट मूळ घटकाचा, म्हणजे एचटीएमएलचा, फॉन्ट धरतो. फायरफॉक्समध्ये तो २०१० मध्ये आला, इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीत २०११ मध्ये. जुन्या ब्राउझरांसाठी आधी पिक्सेलची ओळ आणि तिच्याखाली रेमची ओळ लिहायची पद्धत काही वर्षं चालली.

एम त्यामुळे बाद झाला नाही. बटणातली मोकळी जागा एममध्ये दिली, तर अक्षर वाढलं की बटणही त्याच प्रमाणात ऐसपैस होतं. तिथे रेम कमी पडतो.

दरम्यान फोन आले. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह’ मांडणीची, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या पानाची, कल्पना मांडली, तेव्हा रुंदीसाठी टक्केच हाताशी होते: ९६० पिक्सेलच्या पानातला ३०० पिक्सेलचा रकाना म्हणजे ३१.२५ टक्के. उंचीला मात्र टक्के अडतात, कारण पालकाची उंची ठरलेली नसेल तर टक्के काढायचे कशाचे? व्हीडब्ल्यू आणि व्हीएच थेट दिसणाऱ्या चौकटीच्या अनुक्रमे रुंदीचा आणि उंचीचा शंभरावा भाग धरतात, म्हणून ते झटपट रुळले. पण फोनवर पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते, आणि १०० व्हीएच उंचीच्या पानाचा तळ तिच्यामुळे झाकला जातो. त्यासाठी एसव्हीएच, एलव्हीएच आणि डीव्हीएच आले: लहान चौकट, मोठी चौकट आणि क्षणोक्षणी बदलणारी चौकट. २०२२ संपेपर्यंत सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ते पोचले.

अक्षराचा आकार नुसत्या व्हीडब्ल्यूमध्ये लिहिला की तो जुना वाद पुन्हा उभा राहतो. वाचकाने झूम केलं तरी ते अक्षर मोठं होत नाही, कारण ते चौकटीच्या रुंदीलाच बांधलेलं असतं. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे, असं वेबच्या सुगम्यता निकषांत २००८ पासून आहे. म्हणून व्हीडब्ल्यूमध्ये रेम मिसळावा, आणि क्लॅम्प या सीएसएसच्या फंक्शनने खालची-वरची मर्यादा घालताना तीही रेममध्येच द्यावी.

सगळ्यात ताजी भर कंटेनर एककांची, सीक्यूडब्ल्यू वगैरे. ती पडद्याऐवजी बाहेरच्या घटकाचं, म्हणजे कंटेनरचं, माप धरतात. एकच कार्ड कधी रुंद रकान्यात बसतं, कधी अरुंद. पडद्याची रुंदी तीच असल्याने व्हीडब्ल्यूला हा फरक कळत नाही, सीक्यूडब्ल्यूला कळतो. २०२३ च्या सुरुवातीला फायरफॉक्सने ती घेतल्यावर ती सगळीकडे वापरता येऊ लागली. फक्त बाहेरच्या घटकाला कंटेनर म्हणून आधी जाहीर करावं लागतं. ते राहिलं, तर ब्राउझर चूक दाखवत नाही, मुकाट्याने लहान चौकटीचं माप धरतो.