कॅसेट घेण्याआधी कव्हरची मागची बाजू वाचा

‘कव्हरवर रफीसाहेब आहेत, पण गातोय दुसराच कोणी!’ ही तक्रार आमच्या दुकानात सर्वांत जास्त येते. घेताना पुढचा फोटो आणि गाण्यांची नावं पाहिलेली असतात, गायकाचं नाव मात्र वाचलेलं नसतं. ते मागे असतं, बारीक अक्षरात. नावात ‘यादें’, ‘श्रद्धांजली’, ‘व्हर्जन’ असं काही दिसलं तर आवाज ओरिजिनल नाही असं धरूनच चाला आणि आम्हाला विचारा.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत अशा कॅसेट भरपूर निघाल्या. ठरावीक काळानंतर, रॉयल्टी भरून, जुनं गाणं नव्या आवाजात काढायला कॉपीराइट कायद्यात वाव होता. 2012 च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं केली, शिवाय ‘कव्हर व्हर्जन’ असं छापणं सक्तीचं झालं आणि पहिल्या गायकाचं नाव किंवा चित्र वापरायला मनाई झाली. आमच्याकडचा बहुतेक माल त्याच्या आधीचा आहे.

नव्याने गायलेलं ते कमअस्सल, असं मात्र समजू नका. लताबाईंनी 1992 च्या ‘श्रद्धांजली’मध्ये सैगल, रफी, किशोर, मुकेश यांची गाणी स्वतः गायली, तो संच आम्ही आवर्जून ठेवतो. गीतरामायणाचंच बघा. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर ते माणिक वर्मांसह अनेक गायकांनी गायलं. रेकॉर्डवर सगळी 56 गाणी एकट्या बाबूजींची, म्हणजे संगीतकार सुधीर फडक्यांच्या आवाजात आहेत. माणिक वर्मांचा आवाज नाही म्हणून संच अपुरा ठरत नाही.

निवडक गाण्यांच्या संचात सिनेमातलं एखादं कडवं सापडत नाही, तेही कुणी कापलेलं नसतं. 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. रेकॉर्डसाठी गाणं तेवढंच घेतलं जाई आणि संकलनात तेच येतं.

काउंटरवर टेप आणि टर्नटेबल दोन्ही आहेत. हवं ते गाणं लावून ऐका, घाई नाही. विकलेला माल मात्र आम्ही परत घेत नाही. घरच्या टेपचा रोलर खराब असेल तर चांगली कॅसेटही गुंडाळली जाते, आणि अशी कॅसेट पुढच्या गिऱ्हाइकाला देणं आम्हाला पटत नाही.

ओरिजिनल आवाजाचे संच डावीकडच्या कपाटात वेगळे लावले आहेत. गाणं, सिनेमा आणि गायक लिहून दिलात तर शोधून ठेवू; माल आला की फोन करू.