शैलीपत्रक-भाषा : साधेपणा आणि सामर्थ्य

वेबपानावरचा मजकूर कसा दिसावा किंवा त्याचे दुसऱ्या रूपात रूपांतर कसे व्हावे, याचे नियम मजकुरापासून वेगळे लिहिण्यासाठी केलेल्या भाषा. यांपैकी सीएसएस मजकूर जिथल्या तिथे ठेवून त्याला रंग, टंक आणि समास देते. एक्सएसएलटी तोच मजकूर निवडून, गाळून, क्रम बदलून नवा दस्तऐवज घडवते.

फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवस्थानाची जत्रेची कार्यक्रमपत्रिका एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण (टॅग) लावून, लिहायची आहे असे धरू. एक्सएमएलला देवनागरी टॅग चालतात, त्यामुळे ‘पालखी’, ‘भजन’, ‘नाटक’, ‘महाप्रसाद’ हेच टॅग करता येतात. गोव्यात अशी पत्रिका मराठी आणि कोकणी दोन्हींत असू शकते. लिपी एकच असल्याने ब्राउझरला त्यांतला फरक आपोआप कळत नाही. प्रत्येक नोंदीला भाषेची खूण लावावी लागते. खूण लावली की सीएसएसच्या एका नियमात सगळा कोकणी मजकूर वेगळ्या रंगात येतो. पण कार्यक्रम वेळेनुसार लावा, नाटकांची वेगळी यादी शेवटी जोडा, असे म्हटले की सीएसएसचे हात टेकतात. एक्सएसएलटीत क्रम लावण्यासाठी एक टॅग पुरतो. आकड्यांचेही तसेच. सीएसएस यादीचे अनुक्रमांक देवनागरीत दाखवते, मात्र इंग्रजी आकड्यांत टाइप केलेली पालखीची वेळ तशीच राहते. एक्सएसएलटीत दहा इंग्रजी आकड्यांसमोर दहा देवनागरी आकडे मांडले, की पत्रिकाभर बदल होतो.

भाषा साधी हवी की समर्थ, हा वाद वेबच्या बालपणापासूनचा. १९९६ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक झालेली डीएसएसएसएल ही शैलीपत्रक-भाषा स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेवर बेतलेली होती. तिला काहीच अशक्य नव्हते, पण ती शिकायला प्रोग्रॅमर व्हावे लागे. होकोन व्हिउम ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत असताना १० ऑक्टोबर १९९४ रोजी सीएसएसचा प्रस्ताव मांडला, पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झाली. डीएसएसएसएलचा वारसा एक्सएसएलटीकडे आला. तिची १६ नोव्हेंबर १९९९ ची पहिली आवृत्ती संपादित करणारे जेम्स क्लार्क यांनीच आधी डीएसएसएसएलसाठी ‘जेड’ हे साधन लिहिले होते.

सीएसएसने सुरुवातीला हात मुद्दाम आखडता घेतला, आणि तो निर्णय शहाणपणाचा होता. तिच्यात लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे) नव्हते, फंक्शने (नाव देऊन ठेवलेल्या कृती) नव्हती. न कळलेली ओळ ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो. तिला संपूर्ण दस्तऐवजाची वाटही पाहावी लागत नाही, त्यामुळे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर रेंज अडखळत असली तरी पान येईल तसे दिसू लागते. एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीला संपूर्ण दस्तऐवज हाताशी लागतो, आणि एक्सएमएलमध्ये एक टॅग बंद करायचा राहिला तर सगळेच अडते. दस्तऐवज वाहता ठेवून रूपांतर करण्याची सोय २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. ब्राउझर मात्र पहिल्या आवृत्तीपुढे गेले नाहीत. म्हणून हे रूपांतर पान पाठवण्याआधी सर्व्हरवरच करून ठेवणे बरे.

आताच्या सीएसएसमध्ये चल (नाव देऊन ठेवलेली मूल्ये), गणिते आणि ग्रिड (मजकूर चौकटींत मांडण्याची सोय) आहेत. पडद्यावरचा क्रमही बदलता येतो. पण त्या क्रमाने मूळ दस्तऐवज हलत नाही. नाटक सगळ्यात वर दाखवले, तरी स्क्रीनरीडर वापरणाऱ्या अंध भाविकाला आधी पालखीच ऐकू येते.