पाच हजारावं पान उघडायला एवढा वेळ का लागतो?

"डेटा वाढला की ॲप रडणारच. मोठा सर्व्हर घ्या, दुसरा उपाय नाही." ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीला चढलेला एक मुलगा परवा मित्राला सांगत होता. हा समज इतका पसरलाय की त्यावर लिहायलाच हवं.

ऑर्डरींची एक यादी घ्या. नवी ऑर्डर सगळ्यात वर, पानावर २० नोंदी. ५००१वं पान मागितलं की प्रोग्राम सहसा डेटाबेसला सांगतो, पहिल्या १,००,००० सोड, पुढच्या २० दे. हा ऑफसेट. पण सोडायच्या तरी आधी मोजाव्या लागतातच! लाखभर नोंदी वाचायच्या आणि टाकून द्यायच्या. त्यात मध्येच नवी ऑर्डर आली तर सगळं एक घर खाली सरकतं आणि आधीच्या पानावरची शेवटची नोंद पुन्हा समोर येते.

त्यापेक्षा पुस्तकात खूण घालावी तसं करावं. शेवटची पाहिलेली नोंद लक्षात ठेवायची आणि 'हिच्या पुढच्या २० दे' म्हणायचं. हीच कीसेट पद्धत. ती चालते इंडेक्सच्या, म्हणजे कुठली नोंद कुठे आहे हे क्रमाने सांगणाऱ्या सूचीच्या जोरावर, आणि इंडेक्स बहुतेक वेळा असतो बी-ट्री, म्हणजे झाडासारखे फाटे फुटत जाणारी मांडणी. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७० साली बोइंगमध्ये असताना मांडलेली ही रचना मला आजही विलक्षण सुंदर वाटते. समजा, झाडाच्या प्रत्येक गाठीला २०० फाटे आहेत. तीन पायऱ्यांत ८० लाख नोंदी मावतात, चौथी चढवली की १६० कोटी. नोंदी २०० पट वाढल्या, काम वाढलं एका पायरीचं! तळाशी पोचलं की नोंदी क्रमाने लागलेल्याच असतात, २० उचलायच्या.

फक्त खूण नेमकी हवी. दोन ऑर्डरींची वेळ तंतोतंत एक असेल आणि खूण नुसत्या वेळेची असेल, तर एखादी गळते. म्हणून वेळ आणि क्रमांक अशी जोडी ठेवायची, तुलनाही जोडीची: वेळ आधीची, किंवा वेळ तीच पण क्रमांक लहान. इंडेक्सही याच जोडीवर, याच क्रमाने.

क्लाउडवर न्या, एआय लावा, सगळं पळेल, असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. तिथेही लाख नोंदी मोजायच्या तर मोजाव्याच लागतात.

कीसेटमध्ये थेट ५००व्या पानावर उडी मारता येत नाही, हे खरं. महाप्याच्या आमच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या ताईंना मी विचारलं, तुम्हाला ती उडी कशाला लागते? त्यांना पान नकोच होतं, १२ मार्चच्या ऑर्डरी हव्या होत्या. आम्ही तारखेचा रकाना दिला. आता इंडेक्स थेट त्या दिवसावर उतरतो.