पाणथळ नियम की सीआरझेड? ५० मीटर दोन्हीकडे, रेघ मात्र वेगळी

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर पाणथळ जागेला लागून गृहप्रकल्पाचा फलक लागला की रहिवाशांच्या निवेदनात एक वाक्य हमखास असतं: ‘पाणथळीपासून ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे.’ वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. ही ५० मीटरची अट पाणथळ नियम आणि सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना) अशा दोन वेगळ्या कायद्यांत आहे. ती कुठल्या रेघेपासून मोजायची आणि तक्रार कुणाकडे करायची, हे दोन्हीकडे वेगळं. त्यांची सरमिसळ करून दिलेलं निवेदन बिल्डरच्या वकिलाचं अर्धं काम करून ठेवतं.

पाणथळ नियम २०१७ चे. ते थेट लागू होतात फक्त रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या ठरलेल्या पाणथळ जागांना) आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळ जागांना. महाराष्ट्रात रामसर स्थळं तीन: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. अशा ठिकाणी, नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत बोटींचा धक्का सोडून पक्कं बांधकाम करता येत नाही. मोजायची ती पूरपातळीपासून, पाण्याच्या आजच्या काठापासून नव्हे. मे महिन्यात पाणी आटलेलं असताना टेप लावला तर इमारत आरामात ‘बाहेर’ पडते. म्हणून भर पावसातले तारखेसह फोटो हवेत, आणि त्यांत विजेचा खांब, मोरी, कुंपण असं काहीतरी न हलणारं दिसायला हवं. नुसत्या पाण्याच्या फोटोवरून पातळी काढता येत नाही.

नियमांतल्या व्याख्येतून भातखाचरं, नदीची पात्रं, मिठागरं आणि मुद्दाम पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत. ‘हा तर पाटबंधाऱ्याचा तलाव’ हा बचाव इथूनच येतो. (गंमत अशी की नांदूर मध्यमेश्वरचं पाणीही बंधाऱ्यामुळेच साठलेलं आहे.)

जागा अधिसूचित नसेल तरी दार बंद होत नाही. इस्रोच्या उपग्रह नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा नोंदलेल्या होत्या. २०१० च्या नियमांतल्या कलम ४ च्या तत्त्वांनुसार त्या जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला. पुढे नव्या नकाशासंग्रहात हा आकडा २,३१,१९५ झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांची जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितलं. तेव्हा आपली जागा त्या नकाशात आहे का, हे सगळ्यांत आधी बघायचं.

आता खरी अडचण. याच २०१७ च्या नियमांनी सीआरझेडखालचं क्षेत्र स्वतःच्या कक्षेतून वगळलं आहे. त्यामुळे भरतीचं पाणी जिथे येतं, तिथे बहुतेक वेळा लढाई सीआरझेडचीच असते. निवेदन राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे गेलं, तर ‘आमच्या कक्षेत नाही’ असं उत्तर येईपर्यंत डंपर रिकामे होत राहतात.

सीआरझेडमध्येही मोजायच्या रेघा दोन आहेत. कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच्या कडेपासून ५० मीटरचा पट्टाही सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे सर्वांत संवेदनशील किनारी क्षेत्रात, येतो. खाडीकाठी मात्र भरतीरेषेपासून मोजायचं: २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते, २०१९ च्या अधिसूचनेत १०० चे ५० झाले. जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा २०१९ प्रमाणे मंजूर झालेला नसेल, तर २०११ चंच माप चालतं. त्यामुळे आराखडा कुठल्या सालच्या अधिसूचनेचा आहे ते वाचल्याशिवाय आकडा लिहू नये.

२०१९ ची अधिसूचना खासगी जमिनीवरच्या कांदळवनाला तो ५० मीटरचा पट्टा नाकारते, आणि बिल्डर नेमकं तेवढंच पान दाखवतो. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल पुढे ठेवावा. त्यात मालकी आणि क्षेत्रफळ काहीही असो, कांदळवनाच्या सर्व बाजूंनी ५० मीटरमध्ये बांधकामाला मनाई आहे.

आराखड्याचा नकाशा १:२५,००० चा असेल तर ५० मीटर म्हणजे कागदावर जेमतेम २ मिलिमीटर. पेनाच्या रेघेची जाडीसुद्धा वाद उभा करते. १:४,००० चा, सर्व्हे नंबर दाखवणारा नकाशा मागा. त्यावर तेच अंतर साडेबारा मिलिमीटर भरतं.

फ्लेमिंगोंचे फोटो जोडताना जपून. सीआरझेड-१अ च्या यादीत पक्ष्यांची घरट्यांची जागा आहे, पण ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात ते चरायला. वीण कच्छच्या रणात होते. ‘घरटी’ असं लिहिलंत तर ते एकच वाक्य खोडून अख्खा अर्ज हलका करता येतो. त्याच यादीत जैवसमृद्ध चिखलपट्टेही आहेत. आधार त्यांचा घ्यावा.

भरती अडवली गेली असेल तर ते वेगळं नोंदवा. मोरी बुजवली की खारं पाणी थांबतं, कांदळवन वाळतं, आणि मग ‘इथे कांदळवन नव्हतंच’ असा दावा येतो. त्याला उत्तर म्हणजे जुनी उपग्रहचित्रं, प्रत्येकावर तारीख. ही तक्रार महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करायची, जमीन वनखात्याची असेल तर कांदळवन कक्षाकडेही.

जनसुनावणीची वाट पाहू नका. २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण गृहप्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. मंजुरी मिळाल्याचं कळतं ते वृत्तपत्रातल्या जाहिरातीतून किंवा केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावरून. तिच्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. मंजुरीचा प्रश्न नसून नुसता भराव चालू असेल तर हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ चा अर्ज. त्याची सहा महिन्यांची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून धावते. पहिला डंपर दिसला ती तारीख म्हणूनच फोटोसह लिहून ठेवा.