पक्षाघातानंतर हातात गेमचा रिमोट

पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूतल्या ज्या पेशी मरतात त्या परत येत नाहीत. पण आसपासचा शाबूत भाग त्यांचं थोडंफार काम शिकून घेऊ शकतो. त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही संख्या दिवसाला काही शेकड्यांत असते. माणसांच्या उपचारात मात्र चित्र वेगळं आहे. अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांवर निरीक्षकांनी बसून मोजलं, तेव्हा एका सत्रात दुबळ्या हाताच्या रोजच्या कामासारख्या हालचाली सरासरी जेमतेम ३२ भरल्या. हा अभ्यास २००९चा. मला तो आकडा फार अस्वस्थ करतो.

आता तोच पेला शंभर वेळा उचलायला कुणाचं मन घेईल? इथे खेळ कामाला येतो. २००६ साली आलेल्या निंटेंडो वी या व्हिडिओ गेमच्या यंत्राच्या रिमोटमध्ये प्रवेग मोजणारी चिप होती. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात झटकला की तो किंचित मागे राहतो आणि तेवढ्यावरून चिपला हालचाल कळते. पडद्यावरचा चेंडू उडतो, आणि रुग्ण आपणहून पुढच्या चेंडूची वाट बघतो.

पण हा रिमोट सहज फसतो. टेनिसचा फटका मारायला खांदा, कोपर सगळं हलायला हवं. प्रत्यक्षात मनगटाच्या झटक्यानेही गुण मिळतात. कोपर सरळ होत नसेल तर रुग्ण नकळत कमरेतून पुढे वाकतो. हात तसाच राहतो, धड मात्र नवी सवय लावून घेतं. म्हणूनच शेजारी फिजिओथेरपिस्ट हवा. २०१० साली आलेला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा गेमचा कॅमेरा इथे एक पाऊल पुढे होता. अवरक्त प्रकाशाच्या ठिपक्यांवरून तो धड, खांदा, कोपर यांच्या जागा ओळखायचा, त्यामुळे वाकून मारलेला फटका न मोजणारा खेळ तयार करणं शक्य झालं. मुठीत काही धरताच येत नाही अशांनाही तो चालायचा.

मग याने हात खरंच सुधारतो का? २०१६ साली चार देशांतल्या १४१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचाराच्या जोडीला निम्म्यांना दोन आठवडे वी दिलं, बाकीच्यांना पत्ते, बिंगो, जेंगा असे साधे खेळ. दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि जवळपास सारखेच. काहींना हा यंत्राचा पराभव वाटला. मला नाही वाटत. पत्ते वाटतानाही हात हलतोच! पुढच्या वर्षी ७२ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातही तेच दिसलं. नेहमीचा व्यायाम काढून त्याजागी पडद्यावरचा खेळ ठेवला तर विशेष फरक नाही. त्या व्यायामात खेळाची भर घातली, म्हणजे सरावाचा वेळ वाढला, की हाताला फायदा होतो.

घरी खेळायचं असेल तर आधी खांदा तपासून घ्यावा. पक्षाघातानंतर तो सैल पडलेला असू शकतो आणि जोरदार फटक्यांनी दुखावतो. तोल जात असेल तर बसूनच खेळावं, आणि जवळ कुणीतरी असावं.